जनुकाला कार्य ‘सोपवतात’ की ‘लावतात’?

प्रश्न असा आला आहे: बॅक्टेरिओफाज, म्हणजे जीवाणूंना ग्रासणारे विषाणू. त्यांच्या जीनोमवरच्या, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखड्यावरच्या, एका मराठी लेखात ‘संशोधकांनी जनुकांना कार्ये सोपवली’ आणि पुढे ‘निम्मी प्रथिने काल्पनिक निघाली’ अशी वाक्यं आहेत. ती बरोबर आहेत का?

मला दोन्ही खटकतात. सोपवायचं म्हटलं की आधी सोपवणारा येतो आणि काम मागाहून सुरू होतं. जनुक मात्र माणसाच्या कितीतरी आधीपासून आपलं काम करतंय. संशोधक ते काम कोणतं असावं एवढंच त्याच्यापुढे लिहितो. ‘नेमून दिली’ म्हटल्यानेही काही सुधारत नाही. ‘निश्चित केली’ हे प्रयोगाने तपासलं असेल तरच म्हणावं, आणि फाजच्या बहुतेक जनुकांवर तसा प्रयोग झालेलाच नसतो.

मराठीत यासाठी ‘लावणे’ आहे. आपण अर्थ लावतो, संगती लावतो. मोडी कागद वाचणाऱ्यांना विचारा: एखादं अक्षर लागत नसेल तर ते आजूबाजूच्या शब्दांवरून लावतात. फाजच्या जनुकांचंही बरंचसं असंच चालतं. लॅम्डा हा खूप अभ्यासलेला फाज; त्याचा जीनोम ४८,५०२ बेस-जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या तेवढ्या पायऱ्यांचा. त्यातलं ‘एच’ हे जनुक शेपटीची लांबी ठरवणारं, मोजपट्टीसारखं प्रथिन बनवतं. हे जनुक आखूड केलं की शेपटीही आखूड होते, असं कात्सुरा आणि हेंड्रिक्स यांनी १९८४ मध्ये दाखवलं. म्हणजे इथे कार्य निश्चित झालं. आता लांब शेपटीचा नवा फाज सापडला, त्यातल्या कुठल्याच जनुकाचा क्रम (बेसची रांग) लॅम्डाच्या ‘एच’शी जुळत नाही, पण शेपटीच्या जनुकांच्या रांगेत नेमक्या त्या जागी एक भलंमोठं जनुक आहे. तिथे ‘मोजपट्टी प्रथिन’ लिहितात ते शेजारपाजार बघून. हे लावणं झालं, आणि चांगलं लावणं झालं.

शेजार नेहमी पुरत नाही. होलिन हे जीवाणूच्या आतल्या पटलाला भोकं पाडणारं प्रथिन. त्यामुळे एंडोलायसिन हे भिंत फोडणारं विकर (एन्झाइम) बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचतं. लॅम्डात दोघांची जनुकं लागूनच आहेत. पण एंडोलायसिनशेजारचं प्रत्येक लहान जनुक होलिन नसतं. त्याच्या प्रथिनात पटल ओलांडणारे भाग हवेत. तेवढेच सापडले आणि शेजार जुळला नाही, तर जपून काम करणारे नुसतं ‘पटल-प्रथिन’ लिहून थांबतात. ते बरंच आहे, कारण एकाने घाईने ठोकलेलं नाव पुढचा माणूस क्रम जुळला म्हणून उचलतो, त्याच्यावरून तिसरा, आणि थोड्याच वर्षांत ते माहितीसाठ्यात शंभर ठिकाणी दिसायला लागतं.

आता ‘काल्पनिक’बद्दल. हा इंग्रजीतल्या ‘hypothetical protein’चा अनुवाद. ‘या कथेतील पात्रे काल्पनिक आहेत’ म्हणजे ती नाहीतच. इथे संगणकाने डीएनएत आरंभाच्या खुणेपासून अंताच्या खुणेपर्यंतचा, प्रथिन म्हणून वाचता येईल असा एक वाचनपट्टा शोधलेला असतो, आणि त्यातून प्रथिन बनत असावं असं धरलेलं असतं. म्हणून ‘गृहीत प्रथिन’ म्हणावं. गंमत अशी की काही प्रथिनं विषाणूच्या कणात प्रत्यक्ष सापडलेली असतात, तरी काम न कळल्यामुळे हीच पाटी त्यांच्यावर राहते. त्यांना मी ‘अज्ञातकार्य’ म्हणेन. शब्द जरा जड आहे, पण खोटं बोलत नाही. ‘संभाव्य’ वापरायचा तर तो कार्याला जोडावा: ‘संभाव्य होलिन’.

तेव्हा त्या लेखातली वाक्यं मी अशी लिहीन: ‘संशोधकांनी जनुकांची कार्ये लावून पाहिली, निम्म्या प्रथिनांची लागली नाहीत.’