‘स्पिरिच्युअल केअर’ म्हणजे धार्मिक सेवा?

मिरजेच्या एका परिचारिका ताईंनी विचारलं आहे: ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत चॅप्लिनना (रुग्णांना धीर द्यायला, हवी तर प्रार्थना घ्यायला नेमलेल्या माणसांना) जनतेच्या पैशातून पगार द्यावा का, या वादावरचा लेख त्या मराठीत आणताहेत. ‘स्पिरिच्युअल केअर’ला त्यांनी ‘धार्मिक सेवा’ लिहिलंय. चालेल का?

ताई, नको. त्या शब्दानं वादाचा निकाल आधीच लागतो. आपल्या घटनेच्या २७व्या कलमानुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर भरायची सक्ती करता येत नाही. ‘धार्मिक सेवा’ म्हटलं की मराठी वाचक तिथेच ‘मग पगार कशाला?’ म्हणून मोकळा होईल. तिकडचा पेच मात्र याहून अवघड आहे. चॅप्लिन प्रार्थना घेतो, तसाच कुठलाच धर्म न मानणाऱ्या रुग्णापाशीही बसतो. फ्रान्सचंच बघा. १९०५ च्या कायद्यानं तिथे धर्मसंस्थांचा सरकारी पैसा थांबवला, पण तुरुंग आणि रुग्णाश्रमांतल्या चॅप्लिनच्या खर्चाला त्याच कायद्यात मुभा ठेवली. खाटेला खिळलेला माणूस प्रार्थनेला बाहेर जाणार कसा?

‘आध्यात्मिक काळजी’ही मला पटत नाही. ‘आध्यात्मिक’ म्हणताच प्रवचन डोळ्यांसमोर येतं.

मी ‘आत्मिक शुश्रूषा’ लिहीन. ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’, म्हणजे ऐकणे, या धातूच्या इच्छार्थक रूपातून आला. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यावरून सांगितलेलं ऐकणं, मग सेवा. आपण तो मलमपट्टीपुरता उरवला, याचं मला फार वाईट वाटतं.

आईचं ऑपरेशन मिरजेत झालं, तेव्हा शेजारच्या खाटेवर विजापूरकडच्या एक आजी होत्या. सोबतीला कुणी नाही. वॉर्डातल्या मावशी कामाची पाळी संपली की स्टूल ओढून त्यांच्या उशाशी बसायच्या. आजी कन्नडमध्ये बोलत राहायच्या आणि मावशी मधूनमधून नुसतं ‘हौदु, हौदु’ (हो, हो) म्हणायच्या. तेवढ्यावर आजींना झोप लागायची. शुश्रूषेचा मूळ अर्थ मला तिथे दिसला.

‘चॅप्लिन’ तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत समजावून सांगा. ‘पाद्री’ नको, कारण त्यांत आता मुस्लिम आणि हिंदूही असतात. ‘पुजारी’ तर देवळातला. मूर्ती, पूजा, प्रार्थना असा खरोखर धर्मविधीचा उल्लेख असेल तिथे ‘धार्मिक’ बिनधास्त लिहा. ‘आत्मिक शुश्रूषा’ आणि ‘धार्मिक’ हे दोन शब्द लेखभर वेगळे राहिले, तर पैसा नेमका कशासाठी मागितला जातोय आणि विरोध कशाला आहे, हे वाचकाला कळेल.