पणजोबांच्या लष्करी सदऱ्याच्या बाहीवर कोंबड्याचे चित्र का आहे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, कोरेगाव तालुक्यातील जुन्या घराच्या माळ्यावर पणजोबांची लोखंडी ट्रंक सापडली, तीत एक खाकी सदरा निघाला आणि त्याच्या बाहीवर पिवळ्या वर्तुळात तांबडा कोंबडा भरलेला आहे. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते एवढेच घरात ठाऊक आहे आणि 'पणजोबांना साहेबाने कोंबडा करून ठेवले होते काय' अशी थट्टा धाकट्यांनी चालवली आहे. थट्टेचे उत्तर आधी देतो. तो झुंजीचा कोंबडा असून हिंदुस्थानी फौजेच्या २३व्या डिव्हिजनचे, म्हणजे अनेक पलटणी मिळून झालेल्या एका मोठ्या तुकडीचे, ते निशाण आहे. ही डिव्हिजन १९४२ साली उभी राहिली आणि इंफाळच्या डोंगरांत जपान्यांशी लढली.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत कारकुनी शाखेत चोवीस वर्षे नोकरी करून साताऱ्यास परतलो. आमच्या जिल्ह्यात अपशिंग्यासारख्या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेले असल्यामुळे जुने बिल्ले, पदके आणि फोटो घेऊन माझ्याकडे कोणी ना कोणी येत असते. त्यांपैकी बहुतेकांची गफलत एकच असते. टोपीवरचा बिल्ला आणि बाहीवरचे निशाण एकाच गोष्टीची खूण आहे, असे ते धरून चालतात. वास्तविक टोपीचा बिल्ला रेजिमेंटचा असतो. तो आडनावासारखा, भरती झाल्यापासून पेन्शनीपर्यंत सहसा बदलत नाही. बाहीवरचे निशाण मात्र त्या वेळी पलटण ज्या डिव्हिजनच्या, किंवा तिच्याहून मोठ्या कोअरच्या वा आर्मीच्या हाताखाली असेल तिचे असते. पलटणीची बदली झाली की जुने उसवायचे आणि नवे टाचायचे.

उदाहरणार्थ, मराठ्यांची तिसरी बटालियन, म्हणजे पलटण, १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेतील इरिट्रियात केरेनच्या लढाईत ५व्या डिव्हिजनमध्ये होती, तेव्हा तिच्या जवानांच्या बाहीवर काळ्या चौकोनात तांबडा गोळा होता. पुढे हीच बटालियन इटलीत १०व्या डिव्हिजनकडे गेली आणि तेथेच १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण येऊन मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. त्याच इटलीत ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे, म्हणजे ८व्या डिव्हिजनचे. दोघांची रेजिमेंट एक, पण बाहीवरची निशाणे निराळी. म्हणूनच फोटोतील बाही नीट दिसली, तर माणूस कोणत्या साली कोणत्या आघाडीवर होता याचा बराच अंदाज बांधता येतो.

ही प्रथा कोठून आली, हेही आपण विचारले आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ साली जनरल फिलिप कर्नी याने दुसऱ्याच कोणाच्या अधिकाऱ्यांना आपले समजून झापले आणि त्यानंतर स्वतःच्या अधिकाऱ्यांना टोपीवर तांबड्या कापडाचा तुकडा लावायला सांगितले, अशी कथा आहे. पुढच्याच वर्षी त्या फौजेतील प्रत्येक कोअरला तिचा आकार ठरवून देण्यात आला: कोणाला वर्तुळ, कोणाला चांदणी, कोणाला चंद्रकोर. आकारावरून कोअर ओळखायची आणि रंगावरून डिव्हिजन. कारकुनाच्या नजरेने पाहिले तर ही फार नेटकी पद्धत होती. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात मात्र उलट्या हेतूने सुरुवात केली. गाड्यांवर डिव्हिजनचा आकडा लिहिला तर तो शत्रूच्या हेरालाही वाचता येईल, म्हणून आकड्याऐवजी चित्र काढायचे, असा तो विचार होता. म्हणजे आज जे निशाण छाती फुगवून मिरवले जाते, ते मुळात लपण्यासाठी होते. १९१८ मध्ये अमेरिकेची ८१वी डिव्हिजन खांद्यावर रानमांजर लावून फ्रान्सला निघाली, तेव्हा इतर डिव्हिजनांनी कुरकुर केली. चौकशीअंती रानमांजर तर राहिलेच, शिवाय इतरांनाही आपापली निशाणे ठरवण्याची मुभा मिळाली.

चित्रांचे अर्थ लावताना थोडे जपून राहावे, कारण प्रत्येक निशाणामागे शास्त्र असतेच असे नाही. तरी काहींचा अर्थ स्पष्ट आहे. जनरल स्लिम यांच्या १४व्या आर्मीच्या ढालीवरील तलवारीचे टोक खाली आहे. चिन्हशास्त्राच्या जाणकारांना हे रुचणारे नव्हते, परंतु ब्रह्मदेश उत्तरेकडून दक्षिणेकडे जिंकत जायचा होता, म्हणून तलवार नकाशाप्रमाणे खाली वळली. १७व्या डिव्हिजनने सुरुवातीची वीज टाकून काळे मांजर घेतले. मांजर आडवे गेले तर आपल्याकडे चार पावले मागे येतात. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील मेइक्तिलाला ते जपान्यांना आडवे गेले. अमेरिकेच्या ४५व्या डिव्हिजनची गोष्ट तर आपल्या उंबऱ्यापर्यंत येते. तेथील मूळ रहिवाशांचे शुभचिन्ह म्हणून तिने तांबड्या चौकोनात पिवळे स्वस्तिक घेतले होते, पण हिटलरने त्या आकाराचे जे केले ते पाहून १९३९ मध्ये ते सोडले आणि त्याच मूळ रहिवाशांच्या कथांमधील गर्जनापक्षी (थंडरबर्ड) स्वीकारला.

फाळणीनंतर ७व्या डिव्हिजनचा सोनेरी बाण पाकिस्तानकडे गेला, आणि भारताने स्वतःची ७वी डिव्हिजन उभारली तेव्हा तिनेही सोनेरी बाणच घेतला. आज सीमेच्या दोन्ही बाजूंना तो आहे. ४थ्या डिव्हिजनचा लाल गरुड, काळे मांजर आणि आपला कोंबडा ही निशाणेही भारतीय सेनेत अजून चालू आहेत.

आता आपल्या सदऱ्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक सदरा आला होता. बाहीवरच्या निशाणाभोवती खाकी किंचित गडद राहिली होती आणि त्या गडद भागाच्या कडेला, आताच्या टाक्यांशी न जुळणारी, सुईच्या भोकांची दुसरी रांग होती. म्हणजे तेथे पूर्वी याहून मोठे, चौकोनी निशाण होते आणि त्या माणसाने युद्धात निदान दोन डिव्हिजना पाहिल्या होत्या. आपणही भिंगातून तेवढे पाहावे. निशाणामागे दाबायची बटणे असतील, तर ती धोब्याकडे देताना काढून ठेवण्यासाठी आहेत. त्यांना नंतरची भर समजू नये. सदरा धुऊ नये, इस्त्री करू नये आणि फ्रेम करण्यासाठी निशाण तर मुळीच उसवू नये, कारण बाहीपासून सुटलेले निशाण बाजारात विकत मिळणाऱ्या निशाणासारखेच मुके होते.

२३व्या डिव्हिजनच्या ४९व्या ब्रिगेडमध्ये (डिव्हिजनच्या एका पोटविभागात) मराठ्यांची चौथी आणि सहावी अशा दोन बटालियन होत्या. चौथी १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातील सांगशाक येथे पॅराशूट ब्रिगेडबरोबर वेढ्यात लढली. युद्ध संपल्यावर ही ब्रिगेड इंडोनेशियातील जावा बेटावरील सुराबाया शहरात उतरली, आणि तेथे ३० ऑक्टोबर १९४५ रोजी तिचे ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. घरात 'पणजोबा जाव्याला गेले होते' असे कोणी वृद्ध माणूस बोलले असेल, तर ते खरे असण्याचा संभव मोठा आहे.

यापुढचे काम कागदांचे आहे. ट्रंकेत डिस्चार्ज बुक, पेन्शनीचा कागद किंवा पदक शोधा. पदकाच्या कडेवर बहुधा नंबर आणि नाव कोरलेले असते. खांद्यावरचे पितळी अक्षर मिळाले तर त्यात 'मराठा' या शब्दाच्या इंग्रजी हिज्ज्यात एक 'एच' जास्तीचा दिसेल. ती चूक नव्हे, त्या काळची रीत आहे. नंबर हाती आला की बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज करावा. अर्जाचा मसुदा साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करून मिळेल. नंबर न मिळाल्यास बाहीचा आणि कॉलरच्या आतील शाईच्या शिक्क्याचा फोटो येथे टाका, मी पाहून सांगतो.