बोगस आरटीपीसीआरचा जुना गुन्हा आणि लेकीचं बाळंतपण

प्रश्न : मी कागल तालुक्यातली, माहेर निपाणीजवळ. ऑगस्ट २०२१ मध्ये पहाटे भाऊ गेल्याचा फोन आला. लसीचे दोन्ही डोस झाले होते, तरी कर्नाटकात जायला आरटीपीसीआर लागत होता. गाडीवाल्यानं आधार कार्डाचा फोटो मागवला, माणशी सातशे रुपये घेतले आणि तासाभरात मोबाइलवर रिपोर्ट आले. स्वॅब कुणी घेतलाच नव्हता. कोगनोळी नाक्यावर रिपोर्ट बोगस निघाले. गाडीतल्या चौघांवर गुन्हा नोंदला, जामीन पोलीस ठाण्यातच झाला. मला पुढं समन्स आलं नाही. आता मुलीच्या बाळंतपणाला दुबईला जायचंय, चार महिने उरलेत. पासपोर्टची मुदत संपलीय. नवा अर्ज भाच्यानं भरला आणि ‘फौजदारी खटला प्रलंबित नाही’ असं लिहिलं. पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयानं खुलासा मागितलाय. गाडीवाल्याला समन्स आलंय. तो म्हणतो, सगळे मिळून गुन्हा कबूल करू, दंड मी भरतो. सरकारनं कोविडचे गुन्हे मागं घेतले असंही ऐकते. काय करू?

उत्तर : ताई, पहिली गोष्ट, गाडीवाल्याबरोबर कबुलीला उभ्या राहू नका. त्याचा वकीलही तुमचा वकील करू नका. रिपोर्ट आणले त्यानं, पैसे घेतले त्यानं. तुमचा बचाव तिथूनच सुरू होतो, आणि त्याच्या वकिलाला तो कोर्टात मांडता येणार नाही. दंड पाच हजार असो की पाचशे, बनावट कागद खरा म्हणून वापरल्याची शिक्षा तुमच्या नावावर कायमची नोंदली जाईल. उद्या व्हिसाच्या अर्जात किंवा पोलीस दाखल्यात तो प्रश्न आला की तुम्हाला ‘हो’ लिहावं लागेल.

गुन्हे मागं घेतल्याचं तुम्ही ऐकलंत ते खोटं नाही, पण तुमच्या उपयोगाचं नाही. कोविड काळातले कलम १८८ खालचे, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे, खटले मागं घ्यायचा निर्णय २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं घेतला. कोगनोळी नाका कागलपासून हाकेच्या अंतरावर असला तरी तो निपाणी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. महाराष्ट्राचा निर्णय तिथल्या खटल्याला लागू होत नाही. याच कारणानं खटला रद्द करून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचं आपलं नवं कोल्हापूर सर्किट बेंचही चालणार नाही, कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडं जावं लागेल. सीमेवरच्या माणसांची सोयरीक दोन्हीकडं असते, कोर्ट मात्र ज्याच्या त्याच्या हद्दीतलं.

आता खटला नेमका कुठं आहे ते आधी बघायचं. यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर निपाणी न्यायालय निवडून गुन्हा क्रमांक किंवा नाव टाकून शोधा. गाडीवाल्याच्या समन्सवर खटल्याचा नंबर असेलच. गुन्हा नोंदणं वेगळं, दोषारोपपत्र दाखल होणं वेगळं आणि कोर्टानं त्याची दखल घेणं वेगळं. पासपोर्ट कायद्याचं कलम ६(२)(फ) फौजदारी न्यायालयात प्रलंबित असलेल्या कारवाईबद्दल बोलतं. नुसती पोलिसांतली नोंद त्यात बसत नाही. गाडीवाल्याला समन्स आलंय म्हणजे दोषारोपपत्र गेलंय असं धरून चाला, पण त्यात तुमचं नाव आहे का आणि कोर्टानं दखल कधी घेतली, हे दोषारोपपत्राच्या नकला पाहिल्याशिवाय कळणार नाही. नकला फुकट मिळणं हा आरोपीचा हक्क आहे. कागद कानडीत असतील. निपाणी-चिकोडीकडं मराठी बोलणारे वकील आहेत, त्यांच्याकडून ओळ न ओळ वाचून घ्या. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट तिला नाही.

नकलेत दोन गोष्टी बघायला सांगा. एक, कलमं. गुन्हा २०२१ चा, म्हणून जुनी भारतीय दंड संहिताच लागू, १ जुलै २०२४ पासूनची नवी संहिता नाही. कलम १८८ असेल तर ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्याची (किंवा त्याच्या वरिष्ठाची) लेखी तक्रार कोर्टात असावी लागते. ती नसेल तर त्या कलमाची दखल घेता येत नाही. दुसरी, दोषारोपपत्राची तारीख. ४७१ (बनावट कागद खरा म्हणून वापरणं) आणि ४६५ (बनावट कागद करणं) एवढंच जड कलम असेल तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि अशा गुन्ह्याचा खटला कोर्टात आणायची मुदत तीन वर्षांची. सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. तो धरला तरी तीन वर्षं फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस संपतात. त्यानंतर आलेलं दोषारोपपत्र मुदतबाह्य असल्याचा मुद्दा घेता येतो. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, पण सरकारी पक्षाला त्याचं कारण द्यावं लागतं. ४६८ (फसवणुकीसाठी बनावट कागद करणं) किंवा ४२० (फसवणूक) लावलं असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि मुदतीचा हा मुद्दा उरत नाही.

तुम्ही पत्रात खरं लिहिलंत, म्हणून मीही कठीण तेच आधी सांगतो. सरकारी वकील विचारणार : बाई, स्वॅब दिला होता का? नाकात काडी न घालता रिपोर्ट कसा आला? ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्यावर हा प्रश्न सुटणार नाही. त्या वेळी महाराष्ट्रात प्रयोगशाळेच्या केंद्रावर या चाचणीचा दर ५०० रुपये होता, आणि चाचणीला काही तास लागतात हे गावागावांत माहीत झालं होतं.

तरी तुमची बाजू दुबळी नाही. कलम ४७१ ला कागद बनावट असून भागत नाही, तो अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं वापरलेला असावा लागतो. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉ. विमला यांचा खटला निकाली काढला. त्यांनी मोटार सहा महिन्यांच्या मुलीच्या नावावर घेतली, विम्याच्या कागदांवर मुलीच्याच नावानं सह्या केल्या. न्यायालयानं त्यांना सोडलं. कारण त्या सह्यांमुळं त्यांना काही लाभ झाला नव्हता आणि विमा कंपनीचं काही गेलं नव्हतं. तुमच्या बाबतीत त्याहून जवळचा मुद्दा आहे. कर्नाटकाच्या त्या वेळच्या आदेशात घरात मृत्यू झाला असेल तर सवलत होती. असा माणूस आला की त्याचा स्वॅब तिथंच घ्यायचा आणि त्याला पुढं सोडायचं. तुम्ही रिकाम्या हातानं नाक्यावर उभ्या राहून ‘भाऊ गेलाय’ एवढं सांगितलं असतं तरी वाट मिळायला हवी होती. जे तुम्हाला हक्कानं मिळणार होतं, ते मिळवायला फसवणूक कशाला? हे कुणी तुम्हाला त्या पहाटे सांगितलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. त्या आदेशाची प्रत वकिलांना मिळवायला सांगा. भावाच्या मृत्यूचा दाखला, त्याच्याशी नातं दाखवणारा कागद आणि तुमची लस प्रमाणपत्रं त्याला जोडा. पोलीस ठाण्यात कानडी कागदांवर सह्या केल्या असतील तर त्याची भीती धरू नका; पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही.

इतकं करूनही निकाल विरुद्ध गेला, तर शिक्षा ऐकण्याआधी वकिलांनी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे कैदेऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडण्याचा, लाभ मागावा. तो मिळाला तर दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता त्याच कायद्याच्या कलम १२ नं लागत नाही.

आता पासपोर्ट. पुण्याच्या पत्राला त्यात दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, एक दिवसही उशीर नको. अर्ज भाच्यानं भरला, समन्स कधी आलं नव्हतं म्हणून खटला उभा राहिल्याची कल्पना नव्हती, आता अमुक क्रमांकाचा खटला असल्याचं कळलं, असं सरळ लिहा. त्याखाली सही तुमचीच. कुणी ‘मिटलंय म्हणून लिहा’ असा सल्ला देईल, तो घेऊ नका. खोटी माहिती देऊन किंवा माहिती दडवून पासपोर्ट मिळवणं हा पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि तिथं तुमच्या बाजूनं बोलायला भावाच्या मृत्यूची ती पहाट नसेल.

कोर्टानं दखल घेतलेली असेल तर २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेचा रस्ता आहे. ज्या कोर्टात खटला आहे तिथून परवानगी आणली की पासपोर्ट मिळतो. इथं बऱ्याच जणांचं चुकतं ते असं, की परवानगीच्या आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा निघतो. म्हणून अर्जात ‘दहा वर्षांसाठी नूतनीकरण’ हे शब्द घाला आणि आदेशातही ते उतरले आहेत ना, ते बघूनच प्रत घ्या. त्याच अर्जात परदेशी जायची परवानगी, जायची-यायची तारीख आणि तारखांना गैरहजर राहण्याची सूटही मागा. सोबत मुलीच्या डॉक्टरांचा प्रसूतीच्या अंदाजे तारखेचा दाखला, तिचा दुबईचा पत्ता आणि परत येऊन कोर्टापुढं हजर राहीन असं हमीपत्र जोडा. दंडाधिकारी अशा कारणाकडं माणूस म्हणून पाहतात, असा माझा अनुभव आहे, पण कागद पूर्ण हवेत.

चार महिने फार नाहीत. या आठवड्यात नकलेचा अर्ज, ती आली की लगेच परवानगीचा अर्ज. मुलीला तिकीट काढू नको म्हणून सांगा. आदेश हातात पडल्यावर काढता येईल. आणि गाडीवाल्याचा फोन आला तर ‘माझे वकील वेगळे आहेत’ एवढंच बोला.