रील चालते, मग वेबसाइट ओस का?

सोशल मीडियावरून आपल्या व्यवसायाच्या वेबसाइटवर ग्राहक कसे आणायचे, याबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

देवगडला आमची हापूसची बाग आहे. इन्स्टाग्रामवर रील हजारो लोक बघतात, प्रत्येक रीलखाली वेबसाइटचा पत्ता देतो. तरी वेबसाइटवर कुणी फिरकत नाही. काय चुकतंय?

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबून उघडतच नाही, ती नुसती अक्षरं असतात. पत्ता पाठ करून ब्राउझरमध्ये टाइप करण्याइतकी सवड कुणाला नसते. लिंक चालते ती प्रोफाइलवरच्या बायोमध्ये (तिथे पाच लिंक ठेवता येतात) आणि स्टोरीवरच्या लिंक स्टिकरवर. म्हणून रील टाकली की लगेच ती स्टोरीला लावा, स्टिकर चिकटवा आणि त्यावरचा मजकूर बदलून ‘पेटीचा आजचा भाव’ असा करा. स्टोरी 24 तासांत जाते, तेव्हा ती ‘ऑर्डर’ नावाच्या हायलाइटमध्ये (प्रोफाइलवर टिकून राहणारा स्टोरींचा गट) ठेवा.

लिंक मुख्य पानाची देऊ नका. सगळ्यात जास्त ग्राहक इथेच गळतात. रीलमध्ये पाच डझनांची पेटी भरताना दाखवली असेल, तर लिंक दाबल्यावर तीच पेटी समोर आली पाहिजे: फळाचा आकार, पोचवण्याच्या खर्चासह भाव, कोणत्या पिनकोडला पाठवता आणि फळ खायला तयार व्हायला किती दिवस लागतील. रील बघून आलेल्या माणसाला तुमच्या बागेचा इतिहास वाचायचा नसतो, आंबा घरी कधी येईल ते हवं असतं. हंगाम संपला तरी पान काढू नका, जुन्या लिंक मेल्या की आलेला माणूस परत जातो. तिथेच पुढच्या वर्षीच्या नोंदणीचा फॉर्म लावा.

येवल्यात आमची पैठणीची पेढी आहे. व्हॉट्सॲपवर साडीची लिंक पाठवली की कधी चित्रच येत नाही, कधी दुसऱ्याच साडीचं येतं.

ते चित्र पानाच्या ‘ओपन ग्राफ इमेज’ या टॅगमधून (पानाच्या कोडमधली चित्राची नोंद) येतं. टॅग रिकामा असेल तर काहीच येत नाही किंवा भलतंच येतं. वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर योस्टसारख्या प्लगइनच्या (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) ‘सोशल’ टॅबमध्ये प्रत्येक साडीला वेगळं चित्र द्या. माप 1200 बाय 630 पिक्सेल, वजन 300 केबीच्या आत असलेलं बरं. उभा फोटो दिला तर वरखाली कापला जातो आणि नेमका पदरावरचा मोर जातो. त्यासाठी पदर आडवा पसरून वेगळा फोटो काढा.

चित्र बदलूनही जुनंच दिसत असेल, तर फेसबुकच्या ‘शेअरिंग डीबगर’मध्ये पत्ता टाकून ‘स्क्रेप अगेन’ दाबा. व्हॉट्सॲप त्यानंतरही हटून बसलं, तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडून पाठवा. त्याला तो नवा पत्ता वाटतो.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतल्या मोजक्याच ग्राहकांना मेसेज जातो. का?

ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच तो मिळतो. पार्सलमधल्या चिठ्ठीवर नंबर सेव्ह करण्याची विनंती छापा.

तारकर्लीला आमचं होमस्टे आहे. गूगल ॲनालिटिक्समध्ये बहुतेक भेटी ‘डायरेक्ट’ दिसतात. कोणत्या पोस्टमुळे लोक आले ते कसं कळेल?

व्हॉट्सॲपमधून उघडलेली लिंक आपण कुठून आलो ते सहसा सांगत नाही, म्हणून ती ‘डायरेक्ट’मध्ये मोजली जाते. गूगलच्या ‘कॅम्पेन यूआरएल बिल्डर’मध्ये लिंकला यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी खूण) जोडा: सोर्समध्ये व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्राम, मीडियममध्ये सोशल, कॅम्पेनमध्ये पोस्टची खूण, उदाहरणार्थ दिवाळी-सुट्टी. सगळं इंग्रजी लहान लिपीत लिहा, कारण कॅपिटल अक्षर आलं की तोच सोर्स वेगळा मोजला जातो. वेबसाइटच्या आतल्या लिंकना मात्र यूटीएम लावू नका, त्यामुळे पाहुणा मुळात कुठून आला ही नोंद बिघडते.

फेसबुकवर जाहिरात दिली. तिथे क्लिक भरपूर दिसतात, वेबसाइटवर निम्मी माणसंही नाहीत.

‘लिंक क्लिक’ बोट लागताक्षणी मोजलं जातं, ‘लँडिंग पेज व्ह्यू’ पान उघडल्यावर. पान जड असलं की माणूस मधूनच परत फिरतो. जाहिरात देताना ‘लँडिंग पेज व्ह्यू’ निवडा, त्यासाठी वेबसाइटवर मेटा पिक्सेल (आलेल्या भेटी फेसबुकला कळवणारा छोटा कोड) बसवलेला हवा. गूगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’मध्ये पानाचा मोबाइल वेग बघा. मुख्य फोटो 2.5 सेकंदांच्या आत दिसायला हवा. कॅमेऱ्यातून निघालेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो, बहुतेकदा तेच कारण निघतं. तो वेबपी या हलक्या फाइल प्रकारात, 1200 पिक्सेल रुंदीचा करून घ्या.

आणखी एक तपासा. फेसबुक, इन्स्टाग्राममधली लिंक सहसा त्यांच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथून यूपीआय ॲप कधीकधी उघडत नाही, किंवा पैसे भरून परत आल्यावर पान कोरं होतं. वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, स्वतःच्याच जाहिरातीवरून एक ऑर्डर पैसे भरण्यापर्यंत करून बघा. अडलं, तर त्या पानावर व्हॉट्सॲपवरून ऑर्डर देण्याचं बटणही ठेवा.