खापरपणजोबांचं भूत लिहिताय? मग आधी हे

नागपूरच्या महाल भागातला वाडा, घरातलंच प्रेमळ भूत आणि हरवलेला दागिना. लिहाच!

फक्त खापरपणजोबांना सर्वज्ञ करू नका. नव्यांची हीच चूक होते: भूत चोराचं नाव सांगून मोकळं, तपास संपला. त्यांना मर्यादा द्या. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. त्या काळचा कारकून मोडी कागद वाचेल, मोबाइल नाही. चोर खापरपणतूनेच शोधावा.

- रक्त, किंचाळ्या नकोत. तर्री-पोहे खाताना सुगावा लागू दे.
- संशयित चारच पुरेत.
- दागिना मारबतीच्या, म्हणजे नागपुरातल्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या गर्दीत हरवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडतात. ती आरोळी ऐकून आपलं भूत कुठं लपेल? मला तर हाच प्रसंग आधी वाचायचाय.