‘मॅडम, आमच्याकडे आठवडा नसतो’

“हे घरी येतात, अंघोळ करतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. उठले की गप्प. दोन वाक्यं धड बोलत नाहीत. मॅडम, यांचं बाहेर काही असेल का?”

रेल्वेत रनिंग ड्युटी, म्हणजे धावत्या गाडीवरचं काम करणाऱ्यांच्या घरून हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे अनेकदा येतो. शब्द वेगळे, काळजी तीच. या ताईंचे पती मालगाडीवर लोको पायलट, म्हणजे इंजिनचालक. लग्नाला अकरा वर्षं झालेली, सात वर्षांचा मुलगा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत माझ्याकडून चूक झाली. इतर जोडप्यांना सांगते तेच त्यांनाही सांगून मोकळी झाले, “आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त दोघांसाठी ठेवा.” ताई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “मॅडम, आमच्याकडे आठवडा नसतो.”

मग मी वही काढली आणि त्यांच्या घराचं घड्याळ त्यांच्याकडूनच समजून घेतलं. मेल-एक्स्प्रेसच्या लिंकवर (ठरलेल्या पाळीपत्रकावर) असणाऱ्याला निदान पुढची ट्रिप ठाऊक असते, मालगाडीवाल्याला तेवढंही नसतं. आठ तास किंवा त्याहून जास्त ड्युटी झाली की मुख्यालयात, म्हणजे स्वतःच्या गावी, 16 तासांची विश्रांती, बाहेरगावी रनिंग रूममध्ये (रेल्वेच्या विश्रामगृहात) 8 तासांची. ऐकताना 16 तास भरपूर वाटतात. पण लॉबीत, म्हणजे ड्युटीची नोंद होते त्या कार्यालयात, साइन ऑफ करून (ड्युटी संपल्याची नोंद करून) घरी पोचणं, खाणंपिणं, घरातली अडलेली कामं आणि ड्युटीच्या साधारण दोन तास आधी येणारा कॉल, सगळं त्यातच बसवायचं. शिवाय रात्रभर गाडी चालवून सकाळी झोपलेल्या माणसाची झोप तुटक असते. शरीराचं घड्याळ उजाडल्यावर त्याला जागंच करत असतं. महिन्यात चार वेळा 30 तासांची किंवा पाच वेळा 22 तासांची रेस्ट मिळते, पण ती मुलाच्या शाळेतल्या कार्यक्रमाच्या दिवशीच येईल याचा भरवसा नाही.

एवढं समजल्यावर अर्ध्या अबोल्याचा उलगडा झाला. तो थकवा होता. उरलेल्या अर्ध्याचं कारण ताईंनी जाता जाता सांगितलेल्या एका प्रसंगात होतं.

मुलगा अंगणात गाडी-गाडी खेळत होता. तोंडाने हॉर्न वाजवत, “पोंऽऽ” करत धावत घरात आला. वडील झोपेतून ताडकन उठले आणि त्यांनी त्याच्यावर हात उगारला. मारलं नाही. हात तसाच वर राहिला, थरथरत. मग ते मोरीत गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभे राहिले. त्या दिवसापासून मुलगा बाबा घरात असले की पावलं न वाजवता चालतो.

मी विचारलं, “हे कधीपासून?” त्या म्हणाल्या, “पावसाळ्यापासून असेल.” म्हणजे चार महिने.

तिसऱ्या खेपेला ते स्वतः आले. दाराकडच्या खुर्चीवर बसले. मी घराबद्दल काही विचारलं नाही. “पावसाळ्यात एखादी ट्रिप वाईट गेली का?” एवढंच विचारलं. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“रनओव्हर झाला. माणूस गाडीखाली आला. मी हॉर्न ओढून धरला होता. ब्रेक टाकला होता. तो हलला नाही, फक्त वळून बघितलं.”

हजारो टनांची मालगाडी इमर्जन्सी ब्रेक लावल्यावरही शेकडो मीटर पुढे जाते. काय होणार हे पुढे बसलेल्या दोघांना आधीच दिसत असतं आणि त्यांच्या हातात काही उरलेलं नसतं. त्यांनी घटनेचा मेमो (लेखी कळवणं) दिला, गाडी पुढे नेली, रनिंग रूममध्ये झोपले, परतीची गाडी घेऊन घरी आले. घरी सांगितलं नाही. “हिला कशाला ते डोळे दाखवायचे?” असं ते म्हणाले. ताईंनी पदराने तोंड झाकलं. बाहेर कोणी असेल म्हणून त्या चार महिने झुरत होत्या, आणि पती तेवढेच महिने त्यांना त्या डोळ्यांपासून जपत होते.

अशा घटनेनंतर काही दिवस झोप न लागणं, तोच क्षण पुन्हा दिसणं, आवाजाने दचकणं स्वाभाविक आहे. महिना उलटूनही ते थांबत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. यावर उपचार आहेत. मी तसं सुचवलं तेव्हा त्यांची खरी भीती बाहेर आली: “डॉक्टरकडे गेलो की मेडिकल डिकॅटेगराइज करतील,” म्हणजे गाडी चालवायला अपात्र ठरवतील. ही भीती मी हलकी मानत नाही. किलोमीटरवर मिळणाऱ्या भत्त्यावर घराचा हिशेब उभा असतो. पण मदत मागितली की लगेच इंजिनावरून उतरवतात असं नाही. आणि सेवेत असताना अपंगत्व आलंच तरी सरकारी आस्थापनेला त्या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही की हुद्दा कमी करता येत नाही, हे 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, “तुम्ही न झोपता गाडी नेताय, मला त्याची जास्त भीती वाटते.” झोपेची गोळी मनाने घ्यायची नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते, म्हणून कुठल्याही डॉक्टरला आधी सांगायचं की मी गाडी चालवतो. रेस्टला झोप यावी म्हणून दारू घेणं तर नकोच, तिने झोप आणखी तुटते. रात्री-बेरात्री फारच जड झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, तो चोवीस तास चालतो.

घरासाठी जे ठरलं त्यातलं बरंचसं ताईंनीच सुचवलं. ते झोपले की फोन ताईंच्या हातात. नातेवाइकांचे फोन त्याच घेतात, उठवायचं फक्त लॉबीचा कॉल आला तर. खिडकीला जाड पडदा. दारात पाऊल टाकल्या टाकल्या फी, गॅस, सासूबाईंचं दुखणं काढायचं नाही. आधी झोप, मग चहा, आणि चहाला एकच प्रश्न: “ट्रिप कशी झाली?” ते जेवढं सांगतील तेवढं ऐकायचं. खोदून तपशील विचारायचे नाहीत, आणि “आता विसरा ते” असंही म्हणायचं नाही.

मुलाशी ते स्वतः बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. ताईंनी सांगितलं की आता तो हॉर्न वाजवण्याआधी विचारतो, “बाबा, वाजवू?” कधी ते हो म्हणतात, कधी “आज नको रे” म्हणतात.

मानसोपचारतज्ज्ञांकडे तीन वेळा जाऊन झालं आहे. पहाटे तीनला जाग अजूनही येते, पण रोज नाही. माझ्याकडची पुढची भेट आम्ही तारखेने ठरवलेली नाही. साइन ऑफ झाला की ताई फोन करतात, आणि मी त्या दिवसातला एखादा तास मोकळा करते.