पिनेने बंद केलेली पाने

“मॅडम, माझ्या हातून चूक झाली आणि जीव गेला तर?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी इतक्या वेळा ऐकला आहे की विचारणाऱ्याचा चेहरा पाहूनच तो येणार हे आता मला कळते. पूर्वी तो नर्सिंगच्या मुली विचारत असत, लहान बाळे सांभाळणाऱ्या बायका विचारत असत. अलीकडे पाळीव प्राण्यांच्या देखभालीचा प्राथमिक प्रमाणपत्र अभ्यासक्रम करणारी मुलेमुलीही तोच प्रश्न घेऊन येऊ लागली आहेत. अशाच एका मुलीच्या सात-आठ भेटींचा सारांश, तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही असे बदल करून, येथे देत आहे. तिला आपण शेवंती म्हणू.

शेवंती २३ वर्षांची, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील. घरचे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, दारात दोन कुत्री आणि मोजता न येणारी मांजरे. बारावी वाणिज्य शाखेतून झाल्यावर दोन वर्षे दुकानात हिशेब लिहून ती कंटाळली आणि तिने या अभ्यासक्रमाला नाव घातले. “सुण्यांक न्हाणोवंक सर्टिफिकेट कित्याक जाय?” कुत्र्यांना आंघोळ घालायला प्रमाणपत्र कशाला हवे, हा आईचा कोकणीतला शेरा तिने हसत सांगितला, तेव्हा घरच्यांचा विरोध हेच दुखणे असावे असे मला वाटले, पण तसे नव्हते. लेखी चाचण्यांत तिला उत्तम गुण होते आणि सराव-प्रात्यक्षिकात मात्र ती नापास झाली होती.

तिथे घडले ते असे. परीक्षकांनी विचारले, “पिंजऱ्यात निवांत पडलेल्या कुत्र्याचा श्वास तुम्ही मोजला, तो मिनिटाला ४८ भरला. तुम्ही काय कराल?” विश्रांतीच्या वेळी कुत्र्याचा श्वास साधारण १० ते ३० असतो, हे तिला पाठ होते. तिने हृदयविकारापासून उष्माघातापर्यंत सात आजारांची नावे घेतली, मग कोणता खरा हे ठरवता येईना म्हणून ती रडू लागली. परीक्षक एवढेच म्हणाले, “आजार कोणता, हे मी विचारलेच नव्हते.”

पहिल्या भेटीत मी जे केले ते लिहिताना मला संकोच वाटतो, कारण नवशिक्या समुपदेशकाला मी जे करू नको म्हणून सांगते तेच मी केले. मी तिला दिलासा दिला. “तू इतकी काळजी घेणारी मुलगी आहेस, तुझ्या हातून असे काही होणार नाही,” असे मी म्हणाले. तिने आदराने मान हलवली आणि पुढच्या आठवड्यात ती अधिक खचून आली. रात्री उठून ती घरच्या कुत्र्याचा श्वास मोजत होती. बावीस, चोवीस, पुन्हा बावीस. सगळे ठीक असूनही तिसऱ्यांदा मोजल्याशिवाय तिला झोप लागत नव्हती.

माणसाच्या विचारांतली सक्ती शोधून ती सैल करणाऱ्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत मी घडले आहे, त्यामुळे बोलणाऱ्याच्या वाक्यातला ‘च’ माझ्या कानाला पटकन टोचतो. शेवंतीच्या बोलण्यात तो जागोजागी होता: मला ओळखता आलंच पाहिजे, चूक होताच कामा नये. मराठीत या एका अक्षराने इच्छेची सक्ती होते आणि सक्ती झाली की माणूस समोरचे पाहणे सोडून स्वतःची परीक्षा घेऊ लागतो. हे तिला समजावले, तिला पटलेही. पण पटल्याने रात्रीचे उठणे थांबले नाही. कुठेतरी माझे ऐकणे कमी पडत होते.

चौथ्या भेटीला ती अभ्यासाचे पुस्तक घेऊन आली. बाहेर धो धो पाऊस होता, ती ओढणीने पुस्तकाची कड पुसत होती. मी सहज म्हणून ते हातात घेतले आणि चाळू लागले, तर मधली दोन पाने उघडेनात. केसांची काळी पिन लावून ती एकत्र बंद केलेली होती.

“ही का बंद आहेत?”

“तो विषबाधेचा धडा आहे.” बऱ्याच वेळाने ती पुढे म्हणाली, “त्यात आमची मनी आहे.”

ती बारा वर्षांची असताना आजीच्या मांजरीचे अंग गरम लागले. घरात कोणाला ताप आला की जी गोळी देतात ती अर्धी कुस्करून तिने माशाच्या भातातून मांजरीला दिली. मांजर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले. त्यानंतर अकरा वर्षांनी, परीक्षेच्या अभ्यासात, पॅरासिटामॉल मांजराला प्राणघातक ठरते हे वाक्य तिने वाचले आणि पुस्तकाला पिन लावली.

माझी चूक मला त्या क्षणी दिसली. जे होऊन गेले होते, त्याबद्दल मी तिला ‘होणार नाही’ असे सांगत होते. ती भविष्याला घाबरत नव्हती, ती साक्ष देत होती. आता ‘तू तेव्हा लहान होतीस’ हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. मी ते आवरले आणि इतक्या वर्षांच्या कामात मला स्वतःला समाधान देणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी ही एक आहे. त्याऐवजी मी विचारले, “त्या रात्री तुला काय काय दिसले, तेवढे सांग. का झाले ते नको.”

तिने सांगितले. तोंड सुजले होते, पुढचे पंजेही. हिरड्या गुलाबी राहिल्या नव्हत्या, चहाच्या गाळासारख्या तपकिरी झाल्या होत्या. श्वास भराभर होता आणि ते पाण्याकडे जाऊन न पिता परत येत होते. अकरा वर्षांनंतरही तिच्या सांगण्यात कुठे खाडाखोड नव्हती. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करून बाहेर टाकणे फारसे जमत नाही, त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते आणि हिरड्यांचा रंग बदलतो, हे पुस्तकात होते. पण लक्षणे तिने पुस्तकाच्या कितीतरी आधी टिपली होती.

“हे तू तेव्हा कोणाला सांगितलेस?”

“नाही. गोळीचं तर आजीला आजपर्यंत माहीत नाही.”

इथे मी तिला सोडले नाही. अशा विषबाधेवर लवकर कळल्यास पशुवैद्यकांना उतारा देता येतो, ही गोष्ट तिने वाचली होती आणि तीच तिला सर्वांत अधिक जाळत होती. ती नाकारून उपयोग नव्हता. मी म्हणाले, “मग तुझ्या चुका दोन. न विचारता दिलेस आणि दिसलेले सांगितले नाहीस. ओळखता आले नाही, ही त्यात कुठे आहे?”

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने पिन काढली आणि केसांत खोचली.

या अभ्यासक्रमाला बसणाऱ्यांना आणि त्यांच्या पालकांना माझे सांगणे याच जागेवरून आहे. निदान करणे आणि औषध ठरवणे हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे, भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ याने ते तसे राखून ठेवले आहे, आणि ही मर्यादा कमीपणाची नसून सहायकाला मिळालेले संरक्षण आहे. श्वास ४८ असेल तर पुन्हा शांतपणे मोजावा, जनावर उन्हातून वा खेळून आले आहे का ते पाहावे, हिरड्यांचा रंग पाहावा, वेळेसह लिहावे आणि लगेच डॉक्टरांना सांगावे. उत्तर इतकेच आहे. अभ्यासही त्याच बेताने करावा. आजारांच्या याद्या घोकण्याऐवजी घरच्या निरोगी जनावराचे रोज निरीक्षण करून वहीत लिहावे, मात्र एकदाच. रोज पाच वेळा मोजणे हा अभ्यास नव्हे.

‘घाण काढायचे काम’ म्हणून हिणवणाऱ्यांना उत्तर द्यायचे असेल तर मिश्रणाचे गणित करून दाखवावे. पार्व्हो हा विषाणूजन्य, जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार झालेल्या पिल्लाचा पिंजरा नुसत्या स्पिरिटने पुसून तो विषाणू मरत नाही. आधी मळ धुऊन काढावा लागतो आणि मग एका भागाला तीस भाग पाणी, म्हणजे तीन लिटर पाण्यात १०० मिलिलिटर घरगुती ब्लीच, असे द्रावण काही मिनिटे ओले राहू द्यावे लागते. पुढच्या पिल्लाचा जीव या बादलीवर अवलंबून असतो. आणि गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित जाहीर झाला म्हणून कोणी निर्धास्त राहू नये: काम सुरू करण्याआधी प्रतिबंधक लस घ्यावी, चावा बसलाच तर जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुवावी आणि दवाखाना गाठावा.

शेवंती दुसऱ्या खेपेला उत्तीर्ण झाली. आजीला तिने मनीचे सांगितले. आजी काय म्हणाली, ते त्या दोघींचे आहे. शेवटच्या भेटीला आई तिच्याबरोबर आली होती. निघताना दारात चपला घालता घालता आईने तिला ताप आलेल्या मांजराबद्दल विचारले, “गे, धाकट्या माजराक जोर आयला, कितें दिवचें?”

“कांयच दिवचें न्हय,” शेवंती म्हणाली. “पयलीं सांग, तुका कितें दिसलां?”

त्या ‘च’ला मी हरकत घेतली नाही.